‘डॉक ऑफ द बे’ कसं घडलं: ओटिस रेडिंगच्या शेवटच्या गाण्याची पार्श्वभूमी

अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंग गेला तेव्हा जेमतेम २६ वर्षांचा होता. १० डिसेंबर १९६७ला क्लीव्हलँडहून मॅडिसनच्या कार्यक्रमासाठी निघालेलं त्याचं छोटं बीचक्राफ्ट विमान मोनोना सरोवरात कोसळलं. सोबतच्या बार-केज बँडमधली बहुतेक पोरं अजून विशीतही पोचली नव्हती. विमानातल्यांपैकी फक्त ट्रम्पेटवादक बेन कॉली वाचला. ‘डॉक ऑफ द बे’चं रेकॉर्डिंग अपघाताच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चालू होतं. त्यामुळे ते त्याचं निरोपाचं गाणं म्हणून ऐकायची सवय लागली आहे. खरं तर त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीतल्या रोजच्या कामाच्या रीतीतून आलेली आहे.

ओटिस जॉर्जियातल्या मेकन गावात वाढला, चर्चमध्ये गायला. ऑक्टोबर १९६२मध्ये तो स्टॅक्समध्ये आला तो गिटारवादक जॉनी जेन्किन्सला गाडीतून घेऊन. जेन्किन्सचं काम काही जमेना, शेवटी थोडा वेळ उरला आणि ओटिसला गायला दिलं. त्या उरलेल्या वेळात ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ हे गाणं झालं.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे मॅक्लेमोर अव्हेन्यूवरचं बंद पडलेलं थिएटर. खुर्च्या काढल्या, जमिनीचा उतार मात्र तसाच राहिला. मोठी खोली, हेडफोन नाहीत, सगळे एकत्र वाजवणार. अशा जागी लांबच्या वाद्याचा आवाज कानावर किंचित उशिरा येतो आणि कानावर विसंबलं की लय ढासळते. म्हणून गिटारवरचा स्टीव्ह क्रॉपर आणि ड्रमवरचा अल जॅक्सन एकमेकांच्या हातांकडे बघून वाजवायचे. १९६५पासून चार मात्रांतली दुसरी आणि चौथी मात्रा ते मुद्दाम केसभर मागे ठेवू लागले. स्टॅक्सच्या रेकॉर्डमधला तो ऐसपैस डौल इथला आहे. नुसत्या ‘भावने’वर त्याचं श्रेय टाकू नये.

ओटिसच्या रेकॉर्डवर मागे गाणारा कोरस फारसा नसतो. त्याची जागा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेतात. ओळी तो स्वतः वादकांना गुणगुणून दाखवायचा, म्हणून त्या गळ्यातून निघाल्यासारख्या वाटतात.

१९६७च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवानं त्याला गोऱ्या तरुण श्रोत्यांपर्यंत नेलं. नंतर सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसॅलिटोला एका हाउसबोटीवर मुक्काम असताना ‘डॉक ऑफ द बे’चा मुखडा सुचला. बाकीचं त्यानं क्रॉपरबरोबर मेम्फिसमध्ये पुरं केलं.

गाण्याची चाल वेगळी का वाटते, याचं उत्तर गिटारच्या तारांत आहे. ओटिस गिटार ‘ओपन ई’मध्ये लावायचा: मोकळ्या तारा छेडल्या की आपोआप मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर; मेजर उजळ वाटतो, मायनर उदास), आणि एक बोट आडवं धरून सरकवलं की पुढचाही मेजरच. मायनर कॉर्ड त्याच्या बोटांखाली सहज येतच नव्हता. अंतऱ्यातल्या कॉर्डची साखळी जी, बी, सी, ए, सगळे मेजर. ‘जी’ला षड्ज मानून हार्मोनियमवर बघा. बी मेजर म्हणजे ग, कोमल ध, नि. ए मेजर म्हणजे रे, तीव्र म, ध. रिवाजाप्रमाणे तिथे मायनर कॉर्ड येतात, त्यांत कोमल ध आणि तीव्र म यांच्या जागी अनुक्रमे पंचम आणि शुद्ध मध्यम असतात. तेवढ्या एकेका स्वराच्या फरकानं उदास शब्दांवर ऊन पडतं. घरी वाजवताना हात सवयीनं बी मायनरकडे गेला, की गाणं लगेच रडकं होतं.

गळाही बदललेला होता. त्या शरद ऋतूत स्वरतंतूंवरच्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती, काही आठवडे मौन होतं. परतल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यानं इतकं गाऊन ठेवलं की मृत्यूनंतर त्यातून अनेक अल्बम निघाले. त्या काळातल्या या गाण्यात त्याची ओळखीची आरोळी नाही, बोलल्यासारखा सूर आहे. शेवटी काहीतरी उत्स्फूर्त बोलायचं ठरलं होतं, ते आयत्या वेळी आठवेना म्हणून शीळ घातली, असं क्रॉपरनं सांगितलं आहे. लाटा आणि समुद्रपक्षी क्रॉपरनं नंतर, ध्वनिपरिणामांच्या टेपवरून घातले. ओटिसनं ते ऐकलेच नाहीत.

८ जानेवारी १९६८ला रेकॉर्ड आली आणि मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. गायकाच्या मृत्यूनंतर त्या जागी पोचलेलं हे पहिलंच गाणं. स्टॅक्सच्या हाती मात्र त्यातलं फारसं राहिलं नाही. रेकॉर्ड विकणाऱ्या अटलांटिक कंपनीबरोबरच्या १९६५च्या वितरण करारात मूळ टेपांची मालकी तिच्याकडे जाणारं कलम होतं. सही करणाऱ्या, स्टॅक्सच्या जिम स्टुअर्टच्या ते लक्षात आलं नव्हतं. १९६८मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या तेव्हा ते उघड झालं, आणि ओटिसच्या टेपाही अटलांटिकच्याच निघाल्या.