गाडी बुडावी असं मावशीला का वाटलं?

“यात एकही धड माणूस नाही. कोणाचं भलं व्हावं म्हणून बघायचं?” सिनेमांबद्दल मावशीचा हा ठरलेला आक्षेप. परवा हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) लावला, तेव्हाही मटार सोलता सोलता तिनं तो नोंदवला. तिचं चूक नव्हतं. नायिका मेरियन मालकाचे ४०,००० डॉलर घेऊन पळालेली. सिनेमा अर्धा होण्याआधीच मोटेलच्या न्हाणीघरात तिचा खून होतो. मग उरतो मोटेलवाला नॉर्मन. खून त्याच्या आईनं केलाय अशी आपली समजूत करून दिलेली असते आणि तो बिचारा ते निस्तरायला लागतो. फरशी पुसतो, मढं गुंडाळून गाडीच्या डिकीत घालतो, गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच थांबते. नॉर्मन घाबरून इकडेतिकडे बघतो.

मावशीचा हात शेंगेवरच थांबला. “बुड गं बाई एकदाची!”

गाडी बुडाली, मावशीनं श्वास सोडला. जन्मभर शाळेत शिस्त लावलेल्या बाईला खुनाचा पुरावा नाहीसा व्हावा असं मनापासून वाटलं होतं. प्रेक्षकांना इथे नेमकं हेच वाटतं, असं हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगून ठेवलंय. आधीची कित्येक मिनिटं जवळजवळ संवाद नाहीत, फक्त काम दिसतं. डाग पुसला का? काही राहिलं का? नॉर्मन आपल्याला आवडतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्याला काय हवंय ते मात्र स्वच्छ कळतं.

एवढं कळलं की पुरतं. समोर माणूसही लागत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये एका छोट्या फिल्मचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, बस्स. काय दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं. त्यांतल्या एकाच पठ्ठ्यानं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना पाठलाग दिसला, दादागिरी दिसली, सुटका दिसली. हेतू हुडकायची खोड मेंदूला इतकी आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो: सिनेमा बघताना मेंदूत काय चालतं, ते मोजायचं कसं? एमआरआय यंत्राला विचार दिसत नाहीत. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जातं आणि यंत्र तेवढा फरक टिपतं. तोही उशिरा, कारण रक्ताची ही भरती शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. सिनेमात तेवढ्यात चेहरा, आवाज, धावपळ सगळं एकदम येऊन गेलेलं असतं. मग कशामुळे काय झालं हे ओळखायचं कसं?

मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर झकास तोड काढली. एका प्रेक्षकाच्या मेंदूचं माप दुसऱ्या प्रेक्षकाच्या मेंदूनं घ्यायचं. माझ्या मेंदूतल्या काही मिलिमीटरच्या ठोकळ्याचा चढउताराचा आलेख घ्या, तुमच्या मेंदूतल्या त्याच जागेचा घ्या आणि दोघांचा सहसंबंध गुणांक काढा. दोन्ही आलेख एकत्र चढत-उतरत असतील तर गुणांक १ च्या जवळ जातो, एकमेकांशी देणंघेणं नसेल तर शून्याजवळ राहतो. गंमत अशी, की तुम्हाला मध्येच आठवलेलं विजेचं बिल, माझी भूक, यंत्राची खरखर हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. सरासरीपासूनच्या क्षणोक्षणीच्या फरकांचा गुणाकार करून बेरीज घेतली, की या ज्याच्या त्याच्या वेगळ्या चढउतारांतले धन-ऋण आकडे एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. उरतं ते सिनेमानं दोघांत सारखं उमटवलेलं. सरासरीवरून डोकं गरगरलं असेल तर तेवढं वाक्य सोडून द्या, पुढे अडणार नाही.

याच गटाच्या २००८ च्या लेखातले आकडे बघा. न्यूयॉर्कच्या एका बागेत कॅमेरा नुसता रोखून केलेलं चित्रण दाखवलं, तेव्हा प्रेक्षकांत जुळणारा भाग मेंदूच्या बाह्यपटलाच्या ५ टक्क्यांहूनही कमी निघाला. हिचकॉकनं टीव्हीसाठी केलेल्या एका कथेला तो ६५ टक्के होता. त्या कथेत एक लहान मुलगा खेळण्यातलं समजून खरं पिस्तूल घेऊन गावभर हिंडतो, लोकांवर रोखतो. गोळी खरी आहे हे आपल्याला माहीत, त्याला नाही. पोरगं गोड आहे की वाह्यात, यानं आपली धडधड फारशी बदलत नाही. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याच कथेची छोटी आवृत्ती १६ वर्षं कसलाही प्रतिसाद न दिलेल्या एका रुग्णाला दाखवली. त्याच्या मेंदूतले चढउतार निरोगी प्रेक्षकांसारखेच निघाले. तो गोष्ट समजून घेत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

यावरून ‘मेंदू तपासून हिट पटकथा’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आलेख जुळले म्हणजे सिनेमा चांगला, असं हॅसन स्वतःही म्हणत नाहीत. आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हेही त्या गुणांकातून कळत नाही. आणि नायक आवडण्याचं श्रेय ‘मिरर न्यूरॉन’ना, म्हणजे स्वतः एखादी कृती करताना आणि दुसऱ्याला ती करताना पाहूनही चेतणाऱ्या पेशींना, देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्या पेशी सापडल्या माकडांच्या मेंदूत, आणि ती माकडंही सिनेमा बघत नव्हती.

मावशीच्या बाजूनंही पुरावा आहे. मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर यांच्या २००६ च्या प्रयोगात, खेळात लबाडी केलेल्या माणसाला वेदना होताना पाहून पुरुषांच्या मेंदूतली सहवेदना बरीच कमी झाली, बायकांत मात्र फारशी नाही. म्हणजे चांगल्या-वाईटाचा हिशेब डोक्यात चालू असतोच. पण काम तडीस जावं ही ओढ त्याच्या शेजारी वेगळी चालते, असं मला वाटतं. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा बायकांना फसवणारा भामटा. तरी नवा साक्षीदार आला, की आता हा कसा निसटतो, याचीच आपल्याला उत्सुकता. तो सापडावा असंही त्याच वेळी वाटत असतं.

‘सायको’च्या अगदी शेवटच्या दृश्यात तीच गाडी साखळीनं ओढून चिखलातून वर काढतात. मावशीनं मटाराचं भांडं उचललं आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, “बरं झालं बाई, सापडली.”