उणे दोन ते अधिक दोन: पुनर्वसनाचा परिणाम मोजणारी पट्टी

सामुदायिक पुनर्वसनाचा, म्हणजे दिव्यांगांना त्यांच्या घरी-गावीच मदत करण्याच्या कामाचा, कुठलाही वार्षिक अहवाल उघडा, पहिल्या पानावर आकडे असतात: इतकी शिबिरं, इतक्या गृहभेटी, इतक्या व्हीलचेअर. कार्यकर्त्यांनी किती काम केलं हे त्यातून कळतं. पण ज्याला व्हीलचेअर मिळाली तो सहा महिन्यांनी तीत बसून कुठे जातो का, हे कळत नाही. खुर्ची दारापेक्षा रुंद निघाली तर ती बाहेरच गंजते. अहवालात मात्र तिची नोंद 'एक' अशीच राहते.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे: ताकद वाढली की पुनर्वसन झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001च्या अपंगत्वविषयक वर्गीकरणाने इथे एक मोलाचा फरक केला. माणूस सोयीच्या जागी काय करू शकतो ती त्याची क्षमता, आणि स्वतःच्या घरी, गावी रोज खरोखर काय करतो ते त्याचं प्रत्यक्ष करणं. तपासणीच्या खोलीत सपाट फरशीवर 10 मीटर सहज चालणारी बाई घरच्या उंच पायरीला कठडा नाही म्हणून महिनोन्‌महिने बाहेर पडत नाही. या दोन मापांतली दरी स्नायूंच्या व्यायामाने भरत नाही, कठड्याने भरते. म्हणून मोजायला घरीच जावं लागतं.

पण मोजायचं काय? एकाला शाळेत जायचंय, दुसरीला शिलाईकाम सुरू करायचंय, तिसऱ्याला स्वतः आंघोळ करायची आहे. सगळ्यांना एकच प्रश्नावली लावली, तर ज्याला जे हवं होतं नेमकं तेच निसटतं. यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी 1968 मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रमांसाठी मांडलेली 'लक्ष्यप्राप्ती पट्टी'. प्रत्येकाची पट्टी वेगळी, गुण मात्र एकाच भाषेत.

समजा, अर्धांगवायूनंतर एका बाईला 100 मीटरवरच्या दुकानात स्वतः जायचं आहे. मुदत 12 आठवडे. अट: हातात काठी, माणसाचा आधार नाही, आठवड्यातून किमान दोनदा. आता काम सुरू होण्याआधीच पाच पायऱ्या लिहायच्या:

उणे 2: 20 मीटरपेक्षा कमी
उणे 1: 20 ते 99 मीटर (आज ती 30 मीटर जाते)
0: 100 ते 199 मीटर, म्हणजे दुकानापर्यंत
अधिक 1: 200 ते 399 मीटर
अधिक 2: 400 मीटर किंवा जास्त

शून्य म्हणजे अपयश नव्हे, शून्य म्हणजे ठरवलेलं गाठलं. आजची स्थिती उणे 1 वर ठेवली, कारण ती खालावली तर तेही पट्टीवर दिसायला हवं. आजच्याहून वाईट काही उरलंच नसेल, तरच सुरुवात उणे 2 पासून करावी. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजारात मात्र आहे ते टिकवणं हेच यश. तिथे आजची स्थिती शून्यावर ठेवतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या एका पट्टीत दोन गोष्टी मिसळल्याने. एका पायरीवर अंतर वाढवलं आणि दुसरीवर आधार कमी केला, तर 'आधार घेऊन पण लांब' गेलेल्या माणसाला गुण कुठला द्यायचा? दुसरी चूक म्हणजे घरच्यांना विचारून लक्ष्य लिहिणं. 'तिला काय विचारायचं, आम्हीच सांगतो' असं ऐकू आलं, तरी प्रश्न तिलाच विचारावा.

आता थोडं गणित. प्रत्येकाची सहसा तीन लक्ष्यं असतात. गुणांची बेरीज करायची, 10 ने गुणायची, एका भाजकाने भागायची आणि 50 मिळवायचे. समान महत्त्वाच्या तीन लक्ष्यांसाठी भाजक 4.8 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 2.19. हे 4.8 येतात कुठून? एकाच माणसाची लक्ष्यं एकमेकांपासून सुटी नसतात. त्यांच्यातला सहसंबंध, म्हणजे एकात सुधारणा झाली की दुसऱ्यातही होण्याचा कल, 0.3 धरतात. तीन लक्ष्यांचं स्वतःचं विचरण (गुण किती विखुरतात याचं माप) प्रत्येकी 1 मिळून 3, आणि दोन्ही बाजूंनी मोजलेल्या सहा परस्परजोड्यांचे प्रत्येकी 0.3 मिळून 1.8. सुरुवातीला तिन्ही उणे 1 असतील तर बेरीज उणे 3, गुण 36.3. शेवटी 0, अधिक 1, 0 आले तर 54.6.

यातली खरी गंमत शंभर माणसांचे गुण एकत्र पाहिल्यावर कळते. लक्ष्यं प्रामाणिकपणे बेतली असतील तर सरासरी 50 च्या आसपास यायला हवी. ती 60 च्या वर गेली, तर कार्यक्रम अफाट चांगला असण्यापेक्षा लक्ष्यं सोपी लिहिली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून लक्ष्य लिहिणारा आणि शेवटी गुण देणारा हे दोघे वेगळे हवेत.

तरीही सगळी सुधारणा कार्यक्रमाच्या खात्यात जमा करता येत नाही. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत शरीर बरंचसं आपोआप सावरतं. शिवाय माणसं मदत मागतात ती सर्वांत वाईट दिवसांत. पुढचं मोजमाप त्यामुळे बरं निघण्याकडेच झुकतं. अंगारे, ताईत आणि 'चमत्कारी' तेलं नेमकी याच उताराचं श्रेय घेतात. आपण तीच चूक करायची नसेल, तर ज्यांचं नाव यादीत आहे पण सेवा अजून सुरू व्हायची आहे, त्यांचंही त्याच दिवशी मोजमाप करावं.

गावपातळीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2015ची निर्देशक पुस्तिका आहे. तिची पद्धत सरळ आहे: दिव्यांग व्यक्ती आणि त्याच वस्तीतल्या इतरांना तेच प्रश्न विचारायचे आणि फरक पाहायचा. शाळेतली हजेरी सगळ्यांचीच वाढली असेल, तर कार्यक्रमाचं यश हजेरीवरून ठरत नाही, दोघांमधलं अंतर किती घटलं यावरून ठरतं.

फेरमोजणीला 40 पैकी 26 जणच भेटले, तर फक्त त्या 26 जणांची सरासरी छापू नये. जे बाहेर पडू शकतात, दार उघडू शकतात, तेच सहज भेटतात. न भेटलेल्यांत हाल जास्त असणारे अधिक असतात. उरलेल्या 14 घरी वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जावं, आणि तरीही न भेटलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावं: स्थलांतर, मृत्यू, नकार की घर बंद.