किमोआधी वीर्य साठवायचं असेल तर : सांगली-साताऱ्याच्या पेशंटसाठी अटी, कागद आणि क्रम

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडणं आणि किमोची पहिली तारीख, यांच्या मधे थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत घरात पैशाची जुळवाजुळव, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि 'मिरजेतच करायचं की टाटाला जायचं' ही चर्चा चालू असते. पुढं मूल होईल का, हे पंचविशीतल्या मुलाच्या मनात असतंच. पण शेजारी आई आणि चुलते उभे असताना तो डॉक्टरांना विचारणार कसा? ओपीडीत रांग लागलेली असते, त्यामुळं डॉक्टरांकडूनही विषय राहून जातो. म्हणून पेशंटनंच म्हणायचं, "सर, किमोआधी मला वीर्य साठवायचंय, चिठ्ठी द्या." लाज वाटत असेल तर घरच्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा.

कुणी विचार करावा

वृषणाचा कॅन्सर, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), रक्ताचा कॅन्सर, ओटीपोटावर रेडिएशन किंवा मोठं ऑपरेशन असेल, तर नक्की. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान, प्रोकार्बाझिन ही किमोची औषधं शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींनाच मारतात. डोस जास्त झाला तर त्या पुन्हा उभ्या राहतीलच असं नाही. सिस्प्लॅटिनचंही थोड्याफार फरकानं तसंच. आपल्याकडं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर. त्यांना वाटतं, गालाच्या गाठीचा आणि मूल होण्याचा काय संबंध? गालावरच्या रेडिएशनचा नाही, पण सोबत सिस्प्लॅटिन लावणार असतील तर आहे.

पहिली किमो व्हायच्या आतच नमुना द्यायचा. एकदा औषध अंगात गेलं की शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते आणि असा नमुना साठवायचा सल्ला सहसा देत नाहीत. वृषणाच्या कॅन्सरमध्ये शक्यतो ऑपरेशनच्याही आधी द्यावा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधी कधी एकच दिवस हातात असतो. तेव्हा वीर्य साठवणाऱ्या केंद्राला फोन आधी, कागद नंतर.

कायद्याच्या अटी

वीर्य साठवण्याचं काम २०२१ च्या एआरटी कायद्याखाली, म्हणजे मूल होण्यासाठीच्या साहाय्यक तंत्रज्ञानाच्या कायद्याखाली येतं. त्यामुळं केंद्राकडं एआरटी क्लिनिक किंवा एआरटी बँक म्हणून नोंदणी हवी. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं आणि ते पाच वर्षांसाठी असतं, तेव्हा तारीख वाचा. नुसती 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर' अशी पाटी पुरत नाही.

स्वतःचं वीर्य स्वतःसाठी ठेवायला लग्न झालेलं असावं लागत नाही. पुढं ते वापरताना मात्र कायद्याला नवरा-बायको असं जोडपं लागतं, एकट्या पुरुषाला ही सेवा मिळत नाही. क्लिनिकच्या सेवेसाठी पुरुषाचं वय २१ च्या वर आणि ५५ च्या आत असावं असं कायद्यात आहे. म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासाठी फोन करताना वय आणि आजार आधीच सांगा, नाहीतर विट्याहून किंवा पाटणहून गाडी करून आलेल्यांना दारातून परत फिरावं लागतं. अठराच्या आतला मुलगा वयात आलेला असेल तर पालकांची सही लागते, पण त्याला स्वतःलाही नीट समजावून विचारायचं. वयात न आलेल्या मुलात शुक्राणूच नसतात. वृषणाचा तुकडा गोठवून ठेवायचं काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

फाइलमध्ये काय असावं

- ऑन्कॉलॉजिस्टचं (कॅन्सरच्या डॉक्टरांचं) पत्र : निदान, कोणते उपचार, पहिल्या किमोची तारीख आणि 'उपचारापूर्वी वीर्य साठवण्यासाठी' हे शब्द
- बायॉप्सी रिपोर्टची झेरॉक्स
- आधार कार्ड, फोटो, वयाचा दाखला
- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी) यांचे रिपोर्ट
- लग्न झालेलं असेल तर बायकोचं आधार कार्ड आणि लग्नाचा पुरावा

पत्रावर किमोची तारीख असली की तिथलं काम पटापट हलतं, म्हणून ती आवर्जून लिहून घ्या. रक्ताच्या तपासण्या किमोआधी बहुतेकदा झालेल्याच असतात, पुन्हा पैसे घालू नका. त्याच रिपोर्टच्या प्रती चालतात का ते विचारा. बायकोची सही बहुतेक ठिकाणी मागतात, तेव्हा तिला सोबतच न्या.

उपचार मुंबईला होणार म्हणून साठवणही मुंबईलाच व्हायला हवी, असं काही नाही. नमुना इथं सांगलीत किंवा पुण्यात ठेवून महालक्ष्मी एक्सप्रेसला बसता येतं. पुढं गरज पडली तर गोठवलेला नमुना द्रव नायट्रोजनच्या खास डब्यातून दुसऱ्या केंद्रात हलवता येतो.

नमुना देताना

दोन-तीन दिवसांचा संयम असला तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर अडून बसू नका. डबी केंद्राचीच वापरा. हात धुऊन कोरडे करा. तेल, साबण, थुंकी काही नको आणि साधा निरोधही नको. घरून आणायची परवानगी असेल तर तासाच्या आत पोचायला हवं आणि डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायची. विश्रामबागेतल्या माणसाला ते जमेल, जत किंवा दहिवडीच्या माणसानं केंद्रातल्या खोलीतच द्यावा. डबीवर स्वतःचं पूर्ण नाव आणि वेळ लिहिलेली आपल्या डोळ्यांनी बघा.

आजारपणात, तापात संख्या कमी निघते. घाबरू नका. इक्सी पद्धतीत, म्हणजे शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडतात तेव्हा, एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू लागतो, म्हणून एक नमुनाही कामाचा असतो. दिवस हातात असतील तर दुसरा द्या. एकही शुक्राणू सापडला नाही, तर वृषणातून छोट्या ऑपरेशननं काढता येतात का, हे त्याच दिवशी विचारा. नंतर नमुना उणे १९६ अंशाला गोठवतात. किती कुप्या भरल्या आणि शुक्राणूंची हालचाल किती होती, हे लिहिलेला रिपोर्ट घेऊनच निघा.

संमतीपत्रातली ती एक ओळ

सगळ्यात घाईनं भरली जाते ती हीच. पेशंटचा मृत्यू झाला किंवा तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत राहिला नाही, तर नमुन्याचं काय करायचं? कायद्यानुसार ही सूचना लेखी घेतल्याशिवाय केंद्राला नमुना गोठवताच येत नाही. समोर चौकटी असतात : नष्ट करावा, पत्नीला द्यावा, संशोधनाला द्यावा. कॅन्सरचं नुकतंच कळलेला माणूस 'मृत्यू' हा शब्द दिसला की पहिल्या चौकटीत खूण करून पेन खाली ठेवतो.

त्या खुणेवरून पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मुंबईत एका अविवाहित तरुणानं घरी न विचारता 'नष्ट करावा' असं लिहून दिलं होतं. तो गेल्यावर आईनं हायकोर्टात धाव घेतली आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं कॅन्सरनं गेलेल्या अविवाहित मुलाचं गोठवलेलं वीर्य आईवडिलांना द्यायचा आदेश दिला. वीर्य ज्याचं, त्याची संमती दिसत असेल तर आपल्या कायद्यात मनाई नाही, असं कोर्टानं म्हटलं.

'नष्ट करावा' हेही योग्य उत्तर असू शकतं, वंशाच्या दिव्याच्या नावाखाली मुलावर दबाव आणू नये, असं माझं मत आहे. फक्त खूण विचार करून व्हावी. फॉर्म आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मागवा, घरी वाचा आणि सही केलेल्या प्रतीची झेरॉक्स फाइलला लावा.

पैसे आणि नंतरचं

आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये वंध्यत्वाशी संबंधित प्रक्रिया धरत नाहीत. किमो आणि ऑपरेशन योजनेतून होईल, पण हा खर्च खिशातून, हे धरूनच चाला. पहिली फी आणि वर्षाचं भाडं वेगवेगळं विचारा. भाडं थकलं तर किती दिवसांनी नमुना टाकून देतात, हेही करारात वाचा. मोबाइल नंबर आपण सारखे बदलतो, म्हणून घरातल्या आणखी एकाचा नंबर नोंदवा.

उपचार चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे महिने गर्भनिरोधक वापरा, केंद्रात नमुना साठवलेला असला तरी. नंतर वीर्यतपासणी करून बघा, काहींचे शुक्राणू वर्षा-दोन वर्षांत परततात. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून लगेच साठवलेला नमुना बंद करू नका. मूल होईपर्यंत भाडं भरत राहा.