नेपथ्य व प्रकाशयोजनेचे वर्णन (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रनिर्मितीतील)

शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या प्रणालीला दृश्यातील जागा, वस्तू व उजेड यांचा तपशील लिहून देऊन चित्रपटातील चौकटीसारखी प्रतिमा मिळविण्याची पद्धती. २०२२ मध्ये मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजन या अशा प्रणाली सर्वांना वापरता येऊ लागल्यावर ती रूढ झाली. परिभाषा मात्र बव्हंशी चित्रपटाच्या स्टुडिओतली आहे.

तीतील ‘रेम्ब्रँट प्रकाश’ (डच चित्रकार रेम्ब्रँट यांच्या नावावरून) म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि छायेतल्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण. या संज्ञेच्या व शैलीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांनी ती १९१५ च्या सुमारास प्रचारात आणली असे सांगतात. पण त्याला मुख्य आधार त्यांच्याच आठवणींचा आहे. त्यांचे कलादिग्दर्शक विल्फ्रेड बकलंड हे अमेरिकन नाट्यनिर्माते डेव्हिड बेलास्को यांच्या रंगभूमीवरून आलेले होते आणि दिशायुक्त, नाट्यपूर्ण प्रकाशाचे प्रयोग तेथे आधीपासून चालू होते. छायालेखक ॲल्विन वायकॉफ यांचा वाटाही लहान नाही. त्यामुळे या शैलीचे मूळ बेलास्को यांच्या रंगभूमीत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रणाली उजेडाचे गणित करीत नाही. मजकूर जोडलेल्या असंख्य चित्रांतून शिकलेले साहचर्य ती वापरते. प्रणालींना शिकविण्यासाठीच्या लायन-५बी या संचात चित्र व मजकूर यांच्या अशा सु. ५८५ कोटी जोड्या होत्या. म्हणून नुसते ‘सिनेमॅटिक’ लिहिण्यापेक्षा उजेड कोठून येतो आणि कशावर पडतो हे लिहिणे फलदायी ठरते : ‘ओल आलेल्या भिंतींची अरुंद खोली, डावीकडच्या उंच खिडकीतून तिरपा, निळसर उजेड, टेबलावर एकच पिवळा दिवा, मागचे दार अंधारात’. यात भिंतीची ओल महत्त्वाची, कारण ओला पृष्ठभाग उजेड परतवतो आणि कोरडा गिलावा तो पसरवतो. नेपथ्य व प्रकाश वेगळे काढता येत नाहीत ते यामुळेच.

उजेडाची रंगछटा केल्विन या एककात सांगतात; टंगस्टन दिव्यासाठी ३२०० केल्विन व दिवसाच्या उजेडासाठी ५६०० केल्विन हे आकडेही वर्णनात घालतात. प्रणाली ते मोजत नसल्याने ‘उबदार’, ‘थंड’ अशा शब्दांची जोड द्यावी. खिडकी डावीकडे असूनही सावली डावीकडेच पडण्याचा दोष कधीकधी दिसतो.

स्टेबल डिफ्यूजनच्या आरंभीच्या आवृत्त्यांतील क्लिप हा मजकूरवाचक एका वेळी ७७ शब्दखंड (टोकन; शब्द किंवा शब्दाचा तुकडा) घेतो. आरंभ व अंताच्या खुणा वगळता ७५ उरतात व पुढचा मजकूर सहसा गळतो, म्हणून मुख्य प्रकाशस्रोत आरंभीच नमूद करतात.