बार्कर गृहीतक

गर्भावस्थेत व तान्हेपणी पोषण अपुरे पडल्यास प्रौढपणी हृदयविकार, मधुमेह व उच्च रक्तदाब यांचा धोका वाढतो, असे मानणारे वैद्यकातील गृहीतक. ब्रिटिश रोगपरिस्थितिवैज्ञानिक (लोकसमूहांतील रोगांच्या प्रसाराचा व कारणांचा अभ्यासक) डेव्हिड बार्कर (१९३८–२०१३) यांच्या नावाने ते ओळखले जाते.

मूळ कल्पना कोणाची याविषयी मतभेद आहेत. पिढीचे आयुर्मान तिच्या बालपणीच्या परिस्थितीवर ठरते, असा निष्कर्ष केरमॅक, मॅकेंड्रिक व मॅकिन्ले यांनी १९३४ मध्येच मृत्युनोंदींवरून काढला होता. नॉर्वेतील फॉर्सडाल यांनी १९७७ मध्ये जुन्या बालमृत्युदराचा नंतरच्या हृदयविकाराशी संबंध दाखवला. त्यांचा रोख मात्र बालपणीच्या दारिद्र्यावर व त्यामागून आलेल्या सुबत्तेवर होता. बार्कर व ऑसमंड यांनी १९८६ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये असाच संबंध मांडला. पुढे हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून जपलेल्या वजनाच्या नोंदवह्या हाती आल्या आणि जन्माच्या व वर्षपूर्तीच्या वजनांशी पुढील मृत्यू ताडून पाहता आले. बार्कर यांचे श्रेय लक्ष गर्भावस्थेकडे वळवण्यात आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांच्या पाहण्या गृहीतकाला बळ देतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने वेढलेल्या लेनिनग्राड या रशियन शहरातील उपासमारीच्या पाहणीत मात्र तसा परिणाम आढळला नाही. जन्मवजन व मधुमेह यांमागे समान जनुके असावीत, हा हॅटर्स्ली यांचा आक्षेप (१९९९) अद्याप दुर्लक्षिता येत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बाळांत स्नायू व पोटातील अवयव लहान राहिलेले आढळले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. अशी बाळे नुसत्या वजनकाट्यावर कृश दिसतात, पण मधुमेहाची प्रवृत्ती त्यांच्यात तेव्हाच रुजलेली असू शकते. आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे मोठी, तर शेतात व घरी अधिक राबणाऱ्यांची लहान आढळली. ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट (ब गटातील आणखी एक जीवनसत्त्व; गोळ्यांत ते फोलिक आम्ल म्हणून असते) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनरोध (शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी असणे; हे मधुमेहाकडे नेऊ शकते) सर्वाधिक होता (२००८). फोलिक आम्लाच्या गोळ्या देताना ब-१२ कडेही पाहणे म्हणूनच अत्यंत निकडीचे आहे. याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ती स्वतः आईबाप होण्याआधी, ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला.