बाकी एक

पेट स्कॅनचं इंजेक्शन दिलं की माणसाला तासभर एका खोलीत गप्प बसवून ठेवतात. बोलू नका, हलू नका, फोन चाळू नका. माझ्या मावशीला आधीचा सहा तासांचा उपास काहीच वाटला नाही, एकादश्या करून सवय आहे. पण तासभर गप्प! इंजेक्शन शिशाच्या जाड नळकांड्यात घालून आणलेलं पाहून तिनं त्या मुलाला विचारलंच, "अरे, एवढं काय आहे त्यात?" तो म्हणाला, "साखर आहे काकू, जरा वेगळी."

खोटं नव्हतं. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. शरीर त्याला साखर समजून आत घेतं, आणि ज्या पेशी जास्त भुकेल्या त्या जास्त घेतात. कर्करोगाच्या पेशी बहुधा तशा असतात. (बोललं की गळ्याचे स्नायूही साखर ओढतात आणि चित्रात नको तिथे उजेड दिसतो. म्हणून मौन.) हा फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. त्याच्या केंद्रकातून बाहेर पडतो तो पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ: वस्तुमान तेच, विद्युतभार उलटा. मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला शरीरातला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही संपतात. मागे राख नाही, तुकडा नाही. त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन कण, एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना सुटलेले. यंत्राचं ते भलं मोठं कडं या जोड्या टिपतं आणि त्या कुठून निघाल्या असतील त्याचा नकाशा काढतं.

थोडक्यात, मावशीच्या अंगात दर सेकंदाला काही कोटी इलेक्ट्रॉन अक्षरशः नाहीसे होत होते, आणि ती छताकडे बघत मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती.

अस्तित्वाबद्दलचा लेख नासदीय सूक्तानं सुरू करायचा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो मोडते, कारण मला त्या स्कॅनच्या खोलीबाहेर बसून जो प्रश्न पडला तो जास्त घरगुती होता. वस्तू इतक्या स्वच्छपणे पुसल्या जाऊ शकतात, तर मग या खुर्च्या, ही भिंत, ही मावशी, हे सगळं अजून शिल्लक कसं?

प्रतिद्रव्य, म्हणजे पॉझिट्रॉनसारख्या उलट्या जुळ्यांचं द्रव्य, आधी कागदावर सापडलं. १९२८ साली पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसाठी समीकरण मांडलं, त्यात पुंज सिद्धांत (क्वांटम) आणि सापेक्षता दोन्ही बसत होते. पण उत्तरं हवी त्यापेक्षा जास्त येत होती. वर्गसमीकरण सोडवताना एक उत्तर ऋण आलं की आपण शाळेत 'हे ग्राह्य नाही' असं लिहून पुढे जायचो, तसं डिरॅकना करता येईना. अखेर १९३१ मध्ये त्यांनी सरळ सांगितलं की इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जोडीदार असायला हवा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, एका छायाचित्रात बाष्पाची बारीक रेघ दिसली. इलेक्ट्रॉनचीच, पण चुंबकीय क्षेत्रात भलत्या बाजूला वळलेली. वाटेत ६ मिलिमीटरची शिशाची पट्टी होती. ती ओलांडल्यावर रेघ जास्त वळली होती, म्हणजे कणाचा वेग तिथे कमी झाला होता. त्यावरून तो कुठून कुठे गेला ते कळलं, आणि दिशा कळल्यावर भाराबद्दल शंका उरली नाही. १९५५ मध्ये बर्कलीत प्रतिप्रोटॉनही सापडला.

यातला नियम वाण्याच्या वहीसारखा आहे. ऊर्जेतून पदार्थ घडवायचा तर जमा आणि नावे दोन्हीकडे नोंद होते: एक कण, एक प्रतिकण. मोडताना दोघं बरोबर जातात. आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत एकटा प्रोटॉन शून्यातून निपजलेला कुणी पाहिलेला नाही.

आणि इथेच घोळ आहे. विश्वाच्या आरंभीच्या प्रचंड उष्णतेत असे जोड अखंड बनत आणि मोडत होते. विश्व पसरलं, निवलं. नवे जोड बनेनात, जुने मात्र एकमेकांना गाठून संपत राहिले. वही चोख असती तर शेवटी बाकी शून्य यायला हवी होती. तारे नाहीत, पाणी नाही, फक्त निवत जाणारा प्रकाश.

तसं झालं नाही, पण जवळजवळ तसंच झालं, हे मला जास्त थरारक वाटतं. त्या संहाराचा उजेड अजून आहे. १९६४ मध्ये न्यू जर्सीत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठेही रोखा, दिवसा-रात्री तीच. त्यांनी अँटेनात राहणारी कबुतरं हुसकली, विष्ठा खरवडून काढली, तरी आवाज जाईना. तो आकाशातूनच येत होता: विश्वाच्या बालपणीचा प्रकाश, पसरून पसरून सूक्ष्मलहरी झालेला, तापमान आता निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर. ज्यांच्या घरी गच्चीवर अँटेना होता त्यांनी तो पाहिलेलाही आहे. कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर ज्या मुंग्या यायच्या, त्यातल्या शंभरातली साधारण एक मुंगी तिथून आलेली असे. आम्ही बाबांना वर पाठवून "आलं का? गेलं!" असं ओरडत त्या घालवायच्या मागे असायचो.

हे प्रकाशकण मोजता येतात. रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशात, बोराएवढ्या एका घन सेंटिमीटरमध्ये, ते सुमारे ४११ असतात. उलट प्रोटॉन-न्यूट्रॉन सगळ्या विश्वात सारखे वाटले तर चार घनमीटरला एखादाच वाट्याला येतो. भागाकार केला की दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीडशे कोटींहून जास्त प्रकाशकण निघतात. ढोबळमानानं याचा अर्थ असा: कधी काळी १०० कोटी प्रतिकण होते तेव्हा कण १०० कोटी एक होते. १०० कोटी जोड्या जळून गेल्या. तो वरचा एक म्हणजे आपण. सह्याद्री, शनीची कडी आणि डब्यातलं मीठ, सगळं त्या बाकीतलं.

कुणी म्हणेल, प्रतिद्रव्य कुठे दूर असेलही, प्रतितारे, प्रतिदीर्घिका. तर ती सीमा जिथे आपल्या द्रव्याला भिडेल तिथून मावशीच्या अंगातून निघाले तसेच, फक्त अफाट संख्येनं, गॅमा किरण यायला हवेत. तशी चमक आकाशात दिसत नाही. प्रतिद्रव्य गुरुत्वाकर्षणानं वर उडून दूर गेलं असावं, अशीही एक हौशी कल्पना होती. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २०२३ मध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले. खाली पडले.

मग वहीत फेरफार कुठे झाला? सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बवर काम केलेले आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये यावर एक छोटा निबंध लिहिला. बाकी उरायची तर तीन गोष्टी लागतील, असं त्यांचं म्हणणं. प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची एकूण संख्या बदलू शकली पाहिजे. कण आणि प्रतिकण यांना निसर्गानं अगदी एकसारखं वागवता कामा नये. आणि हे सगळं समतोल मोडलेला असताना घडलं पाहिजे, कारण दुकान उघडं असेल तर घेतलेला माल परतही होतो. शटर पडल्यावर जे हातात राहिलं ते राहिलं. विश्वाचं झपाट्यानं पसरणं म्हणजे ते शटर.

दुसऱ्या अटीचा पुरावा तोवर हातात आला होता. १९६४ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनला जेम्स क्रोनिन आणि व्हाल फिच यांच्या गटानं केऑन नावाच्या कणांचे २२,७०० क्षय, म्हणजे आपणहून मोडणं, तपासले. त्यातले ४५ अशा पद्धतीनं झाले, जी चोख वहीत चालायलाच नको होती. हजारात दोन! एवढ्याशा चुकीवरून कळलं की निसर्गाचे दोन्ही हात सारखे नाहीत. २०२५ मध्ये सर्नच्याच दुसऱ्या एका प्रयोगात प्रोटॉनच्या एका जड नातलगातही हा पक्षपात प्रथमच स्पष्ट दिसला, सुमारे अडीच टक्के. दुर्दैवानं आतापर्यंत मोजलेला सगळा पक्षपात एकत्र केला तरी विश्वातली बाकी निघत नाही. कितीतरी पटींनी कमी पडतो.

पहिल्या अटीचा शोध मात्र आपल्या अगदी शेजारी झाला. प्रोटॉन निर्माण होताना हिशेब मोडू शकत असेल तर प्रोटॉन कधीतरी आपणहून मोडायलाही हवा. मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लोक आणि त्यांचे जपानी सहकारी यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले, दोन किलोमीटरहून खोल, कारण वरचा खडक वैश्विक किरणांना गाळून टाकतो. याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणाऱ्या कणांची, खूण मिळाली होती. १९८०च्या सुमारास तिथे १४० टनांचा शोधक उभा राहिला, बराचसा लोखंडाचाच. कल्पना बघा: सोनं काढून पोकळ केलेल्या जमिनीखाली, घाम गाळत, लोखंडाच्या थप्पीतला एखादा प्रोटॉन मरतो का याची वाट बघायची. काही संशयित घटना त्यांना दिसल्या, जगभर चर्चा झाली, पण मोठ्या शोधकांनी दुजोरा दिला नाही. आज जपानमध्ये सुपर-कामिओकांडे ५०,००० टन पाणी घेऊन बसलं आहे आणि प्रोटॉन अजून जिवंत आहे. प्रोटॉन ज्या एका रीतीनं मोडण्याची सर्वाधिक अपेक्षा होती, तिच्यापुरतं त्याचं आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून अधिक निघतं.

या मोजणीची सुरुवात मात्र आपल्याच हाडामांसापासून होते. मॉरिस गोल्डहाबर यांनी दाखवलं होतं की प्रोटॉनचं आयुष्य १ वर १६ शून्यं इतक्या वर्षांपेक्षा कमी असतं, तर स्वतःच्याच शरीरातल्या प्रोटॉनच्या किरणोत्सारानं आपण मेलो असतो. आपण धडधाकट आहोत, हाच पहिला प्रयोग.

आता तत्त्वज्ञान. 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?' हा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं १७१४ साली नेमक्या शब्दांत विचारला, आणि आपण वर केलेला हिशेब म्हणजे त्याचं उत्तर, असं काही भौतिकशास्त्रज्ञ उत्साहात सांगतात. मला ते पटत नाही. बाकी शून्य आली असती तरी प्रकाश उरलाच असता, अवकाश उरलं असतं, वहीचे नियम उरले असते. ते 'कुणीच नाही' झालं असतं, 'काहीच नाही' नव्हे. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या बाबतीत काटेकोर होते. त्यांच्या लेखी अभाव हा नेहमी कशाचा तरी आणि कुठेतरी असतो: जमिनीवर घट (मडकं) नाही. घट काय ते माहीत हवं आणि जमीन हवी. भौतिकशास्त्राची पोकळी ही अशी जमीन आहे, क्षेत्रांनी खच्चून भरलेली. घट का आहे हे साखारोव्हच्या वाटेनं कदाचित कळेल. जमीन का आहे, हा प्रश्न त्या वाटेवर लागतच नाही.

स्कॅन आटोपल्यावर मावशीला चहा-बिस्किट मिळालं आणि पुढचे काही तास लहान मुलांना जवळ घेऊ नका, अशी ताकीद मिळाली. रिक्षाची वाट बघताना मी तिला हे सगळं सांगितलं. पिशवीतलं केळं काढून दिलं, आणि यातल्या पोटॅशियममधूनही तास-दोन तासांतून एखादा पॉझिट्रॉन निघतो, असंही सांगितलं. तिनं केळं एकदा निरखून पाहिलं आणि सोललं. तासाभराचं मौन वसूल करायचंच होतं.

"एक उरला ते समजलं," ती म्हणाली. "पण वही कुणी घातली गं?"

रिक्षा आली. मी तिचे रिपोर्टचे कागद सांभाळत आत बसले.