दुपारी बरी दिसते म्हणून नाटक?

"सकाळी बोटं आखडतात आन् दुपारी भाकरी थापते, नाटकं करस ती!" जळगाव-धुळ्याकडे आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालेल्या सुनेबद्दल हे सर्रास ऐकू येतं. खरं तर सकाळी तासभर किंवा जास्त वेळ सांधे आखडणं आणि हालचालीनंतर मोकळे होणं, हीच या आजाराची खूण. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दुप्पट-तिप्पट होतो, तोही बहुधा 30 ते 60 वयात, म्हणजे घर अंगावर असताना.

दुसरा समज, "मनाला लावून घेते म्हणून दुखतं." मनावरच्या ताणाने दुखणं वाढू शकतं, पण आजार खरा असतो. उलट शरीरातली सूज, न संपणारा थकवा, मोडलेली झोप यांनी मन खचतं. या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. हातावर मांडे फिरवून खापरावर टाकणारीला साधं झाकण उघडेना, की तिचा मानच गेल्यासारखा वाटतो.

उपचार सांधेतज्ज्ञाकडे (ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट) लवकर सुरू व्हावेत. आणि रडू येतं, झोप लागत नाही, हेही तिथेच सांगावं. त्यावरही औषध आणि समुपदेशन आहे.